नव्या गावात कॉफीचं दुकान कसं शोधावं: खानदेशात फिरतीवर येणाऱ्यांसाठी

मी पतसंस्थांच्या हिशोब तपासणीचं काम करते. महिन्यातले दहा-बारा दिवस जळगावच्या बाहेर जातात: धुळं, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार. दिवसभर खतावण्या आणि व्हाउचरं, संध्याकाळी लॉजची खोली. कामाला लागले त्या वर्षी मी संध्याकाळी खोलीतच बसून राहायचे. परगावात एकट्या बाईने तासभर कुठे बसावं, हेच कळायचं नाही. टपरीवरचा चहा दोन मिनिटांत संपतो. जेवणाच्या हॉटेलात ताट उचललं की उठावं लागतं. मग धुळ्यात देवपूरला, कॉलेजच्या रस्त्यावर एका गाळ्यात, एकाच माणसाने चालवलेलं कॉफीचं दुकान सापडलं आणि माझी फिरतीच बदलली.

तेव्हापासून ज्या गावाला जाते तिथे पहिल्या संध्याकाळी असं एखादं दुकान शोधते. बदली होऊन इकडे आलेले, विद्यापीठात किंवा दवाखान्याच्या कामाला आलेले, किंवा अजिंठ्यासाठी जळगावला उतरले आणि सोमवारी लेणी बंद असतात हे नंतर कळलं असे बरेच जण मला विचारतात, की इथे बसायला चांगली जागा कुठे? त्यांच्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

स्वतंत्र दुकान म्हणजे काय, ते आधी सांगते. मोठ्या कंपनीची शाखा नाही. मालक किंवा मालकीण स्वतः मशीनवर नाहीतर गल्ल्यावर उभी असते, बिया कुठून आणायच्या ते तीच ठरवते आणि कॉफी बिघडली तर तुम्ही तिलाच सांगू शकता. आपला मुलूख चहाचा. घरात कॉफी व्हायची ती एकादशीला किंवा पाहुण्यांना, दुधात उकळून, जायफळ घालून. अशा गावात कोणी कर्ज काढून कॉफीचं मशीन आणतं तेव्हा ते माणूस मनापासून या कामात उतरलेलं असतं. म्हणून त्याच्याशी बोलता येतं.

आधी ‘कॅफे’ या पाटीचं बघा

हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण बाहेरून येणाऱ्याची फसगत इथेच होते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत ‘कॅफे’ अशी पाटी असलेल्या बऱ्याच जागा कॉफीच्या नसतात. आत प्लायवूडचे कप्पे, पडदे, मंद दिवे, आणि पैसे तासावर. कॉलेजातली पोरं-पोरी तिथे बसतात, अधूनमधून पोलीस येतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. गावात दोन तरुण माणसांनी निवांत बोलायला एकही जागा नसेल तर ती जाणार कुठे? पण तुम्हाला कॉफी प्यायची आहे, आणि ती तिथे मिळत नाही.

ओळखायचं कसं? रस्त्यावरून आतलं दिसतं का बघा. पुढे काच असेल, मशीन आणि टेबलं बाहेरून दिसत असतील तर निर्धास्त जा. फोनवरच्या फोटोंत गाद्या, फुगे आणि रंगीत दिवेच दिसले आणि मशीन किंवा कप कुठेच दिसला नाही, तर सोडून द्या. मेनूत कॉफीचे दोन प्रकार आणि मॅगी-मॉकटेलचे वीस असतील तरी सोडा. बायांसाठी आणखी एक: आत एखादी मुलगी एकटी बसून अभ्यास करत असेल तर ती जागा चांगली. आजवर माझा हा अंदाज चुकलेला नाही.

शोध कुठून सुरू करायचा

अशी दुकानं गावाच्या जुन्या पेठेत सहसा नसतात. गाळ्याचं भाडं परवडत नाही आणि गाडी लावायला जागा नसते. ती असतात कॉलेज, क्लासेस आणि नव्या दवाखान्यांच्या आसपास. जळगावात मू. जे. महाविद्यालयापासून महाबळकडे जाणारा पट्टा आणि काव्यरत्नावली चौकाच्या आजूबाजूच्या गल्ल्या आधी बघा. संध्याकाळी तो चौक तसाही माणसांनी भरलेला असतो. धुळ्यात पांझरा नदी ओलांडून देवपुरात या, दत्त मंदिर चौकाच्या अंगाने फिरा. आग्रा रोड खरेदीला चांगला, बसायला नाही. भुसावळला जामनेर रोड, अमळनेरला प्रताप कॉलेजच्या बाजूचा भाग. लहान गावात असं एकच दुकान असतं आणि कॉलेजच्या पोरांना ते माहीत असतं.

फोनवर शोधताना ‘कॉफी’ हा शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकून बघा, निकाल वेगवेगळे येतात. किती तारे आहेत ते मी फारसं बघत नाही. नव्या दुकानाला पहिले पन्नास अभिप्राय मित्र आणि नातेवाईकच देतात. मी गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघते, गेल्या दोन-तीन महिन्यांतले. कपावर फेस कसा आहे, टेबल पुसलेलं आहे का, मागे फळीवर बियांची पाकिटं दिसतात का. मग सगळ्यात वाईट अभिप्राय वाचते. ‘कॉफी फार कडू होती, प्रमाणही कमी’ असं कोणी चिडून लिहिलं असेल तर बहुधा तिथे खरी एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली दोन घोटांची दाट काळी कॉफी, मिळते. ‘तासभर थांबलो, कोणी विचारलं नाही’ असं तिघांनी लिहिलं असेल तर मात्र जात नाही.

तोंडी विचारायचं तर लॉजच्या मॅनेजरला विचारू नका, तो मोठ्या हॉटेलचंच नाव सांगतो. औषधाच्या दुकानात काम करणारा पोरगा, झेरॉक्सवाला, क्लासबाहेर उभी असलेली मुलं यांना विचारा. “भाऊ, इथे मशीनची कॉफी चांगली कुठे मिळते?” एवढंच. ‘मशीनची’ हा शब्द घाला. नुसतं कॉफी म्हणालात तर टपरी दाखवतील.

आणि निघण्याआधी फोन करा. नंदुरबारला मे महिन्यात दुपारी दोनला मी बॅग घेऊन पाऊण किलोमीटर चालत गेले होते, नकाशावर दुकान ‘उघडं’ होतं. शटर गुडघ्यापर्यंत खाली आणि आत मालक फरशीवर झोपलेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या उन्हात पाचच्या आत कोण येणार? तेव्हापासून फोनवर मी ‘दुकान उघडं आहे का’ असं विचारत नाही, ‘मशीन चालू आहे का’ असं विचारते. लाइट गेलेली असते, किंवा मशीन बिघडलेलं असतं आणि दुरुस्तीचा माणूस बाहेरगावाहून यायचा असतो. दुकान उघडं असतं, पण मिळतं ते सरबत.

कोणत्या वेळी जावं

भुसावळला पहाटेच्या गाडीने उतरलात आणि लगेच कॉफी हवी असेल तर ती मिळणार नाही. त्या वेळेला टपरीचाच चहा घ्या, तो चांगलाच असतो. कॉफीची दुकानं दहा-अकराच्या पुढे उघडतात. उन्हाळ्यात एक ते पाच सगळं थंड, आणि सहानंतर रात्री दहापर्यंत गर्दी.

माझी आवडती वेळ म्हणजे उघडल्यानंतरचा पहिला तास. मालक तेव्हा मोकळा असतो, त्याचं काम बघता येतं. देवपूरच्या त्या दुकानात मी अकराच्या सुमाराला जायचे. तो आधी मशीन तापू द्यायचा. मग लहानसा इलेक्ट्रॉनिक काटा पुढे ओढायचा, आपल्या सराफ बाजारात चांदी तोलायला असतो तसला, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. १८ ग्रॅम पूड, दाबून बसवायची, कप काट्यावर ठेवायचा, बटण दाबायचं आणि सेकंद मोजायचे. साधारण २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. त्या दिवशी अठरा सेकंदांतच उतरली. पिवळट, पातळ धार. त्याने ती मोरीत ओतली, दळायच्या यंत्राची चकती किंचित फिरवली, पुन्हा दळलं, पुन्हा तोललं. दुसरीही ओतली. तिसरी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, “हवा बदलली की दळण बदलावं लागतं ताई. कालपासून हवा फार कोरडी झालीय.” दोन कप ओतून देणाऱ्या माणसाच्या दुकानात डोळे झाकून बसावं.

शेवटी पण महत्त्वाचं: जेवणाआधी जा. शेवभाजीचा रस्सा किंवा हिरव्या मिरचीचं भरीत खाऊन कॉफीला गेलात तर जीभ भाजलेली असते. मग कर्नाटकातल्या चिकमगळूरची काय आणि पाकिटातली काय, फरक कळत नाही. आधी कॉफी, मग भरीत-पुरी.

काय मागवायचं

आमचे नाना रावेरकडे केळी करतात. त्यांना मी एकदा जळगावला अशा दुकानात घेऊन गेले. त्यांनी पाटी वाचली आणि खुशीत म्हणाले, “एक्स्प्रेसो द्या.” आपल्याकडे लग्नात पितळी रंगाचं ते मशीन असतं, वाफ फुसफुसत दूध उकळतं आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरवतात, त्याला सगळे एक्स्प्रेसोच म्हणतात. समोर आला भांडंभर नव्हे, दोन घोट काळा रस. नानांनी एक घोट घेतला आणि काही न बोलता कप खाली ठेवला. काउंटरवरच्या मुलीने ते बघितलं. ती आली आणि म्हणाली, “काका, लग्नातली हवी होती ना? थांबा, यातच करून आणते.” त्याच रसात गरम दूध, साखर, वर कोकोची चिमूट. नानांनी कप संपवला आणि तिला विचारलं, “हे आधीचं काळं पाणी कशाचं होतं?” मग ती मुलगी पाच मिनिटं त्यांच्याशी बियांबद्दल बोलली आणि नाना तिच्याशी केळीच्या घडांबद्दल.

म्हणून नावं नीट समजून घ्या. एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेला साधारण ३० ते ४० मिलीचा दाट काढा, दूध नाही. त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो. दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस पातळ असेल तर लाते. दक्षिणेकडची फिल्टर कॉफी वेगळी: पूड भांड्यात भरून वरून उकळतं पाणी ओततात, थेंबथेंब काढा उतरतो आणि त्यात उकळलेलं दूध घालतात. पोअर ओव्हर म्हणजे कागदाच्या गाळणीतून हाताने पाणी सोडून काढलेली काळी कॉफी. तिला चार-पाच मिनिटं लागतात, घाई असेल तर मागवू नका.

पहिल्यांदाच जात असाल आणि घरी दुधाचीच कॉफी पीत असाल तर कॅपुचिनो किंवा फिल्टर कॉफी घ्या. काळी कॉफी प्यायलाच पाहिजे असं काही नाही. साखरेचीही लाज नको. फक्त एक करा: ‘साखर बाजूला द्या’ असं आधीच सांगा. आपल्याकडे न विचारता दोन चमचे घालून आणतात. पहिले दोन घोट बिनसाखरेचे घ्या, मग हवी तेवढी घाला. निदान काय गोड करतोय ते तरी कळेल.

कॅपुचिनो कोमट आली म्हणून परत पाठवणारे खूप भेटतात. ती तशीच असते. दूध वाफेने ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात. त्याच्या फार पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो आणि फेस बसतो. आपल्याला चहा ओठ भाजेल इतका लागतो, म्हणून ही थंड वाटते. कडक गरमच हवी असेल तर फिल्टर कॉफी मागवा.

उन्हाळ्यात बहुतेक टेबलांवर कोल्ड कॉफी असते, आइस्क्रीम घातलेली, दाट. ती मलाही आवडते, पण तिच्यात कॉफी नावापुरती. चव हवी असेल तर कोल्ड ब्रू आहे का विचारा. भरडलेली पूड गार पाण्यात बारा ते अठरा तास भिजवून ती करतात, म्हणजे आज मिळणारी काल रात्री घातलेली असते आणि संध्याकाळपर्यंत संपलेली असते. ४४ अंशांच्या उन्हातून आत आलात तर मात्र आधी पाणी प्या, दहा मिनिटं बसा. तापलेल्या अंगाने गार कॉफी घटाघटा पिऊन मी एकदा रात्रभर डोकं धरून बसले होते.

दूध आणि पाणी

या दोन गोष्टींवर कोणी बोलत नाही, पण खानदेशात कॉफी बिघडते ती बहुधा यांनीच.

आपल्या घरी दूध म्हशीचं. साय बोटभर आली पाहिजे. बासुंदीला ते उत्तम, कॅपुचिनोला जड. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के असतो, तो जिभेवर थर धरतो आणि कॉफी मागे पडते. पाकिटाचं दूध घेणाऱ्यांतही फरक असतो: फुल क्रीममध्ये ६ टक्के, टोन्डमध्ये ३ टक्के स्निग्धांश. चांगली दुकानं गाईचं किंवा त्या दोन पाकिटांच्या मधलं दूध वापरतात. “दूध कोणतं घेता?” असं विचारा. मालक खुलतो. देवपूरच्या दुकानदाराने सुरुवातीचे सहा महिने घरच्याच म्हशीचं दूध वापरलं होतं, आईच्या आग्रहाखातर. बदललं तेव्हा आई आठवडाभर बोलली नाही, असं त्याने सांगितलं.

पाणी त्याहून अवघड. बोअरचं पाणी जड असतं, लॉजच्या बादलीत साबणाला फेस येत नाही ते आठवा. अशा पाण्यात कॉफीचा आंबटगोडपणा मरतो आणि मशीनच्या नळ्यांत क्षार साचतात. उलट काही जारच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, त्यातली कॉफी पोकळ लागते. चांगल्या दुकानदाराने यावर काहीतरी विचार केलेला असतो. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतोच, तो आधी प्या. पाणीच मचूळ लागलं तर काळी कॉफी मागवू नका, दुधाची घ्या. हे मला कोणी शिकवलं नाही, चार-पाच वेळा फसून कळलं.

बियांबद्दल विचारा, पण परीक्षा घेऊ नका

तीन प्रश्न पुरतात. बिया कुठल्या? भाजून कधी आल्या? आणि तुम्ही स्वतः कोणती पिता?

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा कर्नाटकातलं येतं: चिकमगळूर, कोडगू, हासन. देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडन येमेनहून सात बिया घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी कथा तिकडे सांगतात. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. काही ठिकाणी आंध्रातल्या अराकू खोऱ्याची कॉफी मिळते, ती आदिवासी शेतकऱ्यांची. आणि आपल्याला जवळची एक गोष्ट: महाराष्ट्रातही कॉफी होते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, साधारण ११०० मीटर उंचीवर. यावल-रावेरच्या उत्तरेला जो सातपुडा दिसतो, त्याच रांगेत पुढे पूर्वेला. पीक थोडं आहे, दुकानांत क्वचित दिसतं. पण कुठे दिसलं तर नक्की पिऊन बघा.

अरेबिका आणि रोबस्टा हे दोन शब्द कानावर येतील. अरेबिका सौम्य, थोडी आंबूस. रोबस्टा कडक, कडवट, दुधात टिकणारी. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असतं. पहाटेची गाडी असेल तर रात्री आठनंतर रोबस्टा नको. फिल्टर कॉफीच्या पुडीत चिकोरी असते, ते एका झाडाचं भाजलेलं मूळ. रंग आणि दाटपणा त्याने येतो. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. मला स्वतःला वीस टक्क्यांपर्यंतची आवडते.

दुसऱ्या प्रश्नाला पाकिटावरची भाजल्याची तारीख दाखवली तर उत्तम. भाजून आठवडा ते महिना झालेल्या बिया चांगल्या. ‘माहीत नाही’ असं प्रामाणिक उत्तर आलं तरी बसा. तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला. बहुतेक वेळा मालक म्हणतो, ‘मी पितो ती मेनूवर नाही,’ आणि मग तीच करून देतो.

हे प्रश्न गर्दीत विचारू नका. आणि दोन व्हिडिओ बघून आलेल्या माहितीने समोरच्याला कोंडीत पकडू नका. तो त्या उन्हाळ्यात, त्या वीजबिलात दुकान चालवतोय.

बसणं

एकटे असाल तर चार खुर्च्यांचं टेबल अडवू नका, भिंतीकडच्या फळीवर किंवा दोघांच्या टेबलावर बसा. दुपारी दोन तास बसलात तरी कोणी काही म्हणणार नाही. संध्याकाळी सातनंतर एका कपावर पाऊण तास पुष्कळ झाला, पुढे बसायचं तर आणखी काहीतरी मागवा. मी हिशोबाचा माणूस आहे, म्हणून हे स्पष्ट सांगते: आठ टेबलांच्या दुकानात एक टेबल संध्याकाळभर अडलं की त्या दिवशीचं भाडं निघत नाही. चार्जर लावण्याआधी विचारा. फोन स्पीकरवर बोलू नका. फोटो कपाचा काढा, मशीनचा काढा, पण शेजारच्या टेबलावरच्या मुली त्यात येऊ देऊ नका. लहान गाव आहे, एका फोटोने कोणाचं शिक्षण थांबू शकतं. हे मी बघितलेलं आहे.

पैसे

कॅपुचिनो बहुतेक ठिकाणी शंभराच्या अलीकडे-पलीकडे, फिल्टर कॉफी तिच्या निम्म्यात. फोनवरून पैसे सगळीकडे चालतात, पण रेंज गेली की अडतं, म्हणून दोनशे रुपये सुटे जवळ ठेवा. बिल मागा. त्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर असायला हवा. आणि लहान दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. लावला असेल तर शांतपणे विचारा. बहुतेक वेळा बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक असते, मालकाला माहीतही नसतं. टीप ठेवायची तर कप उचलणाऱ्या मुलाच्या हातात द्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच

नव्या गावात तीन संध्याकाळी मिळाल्या की माणसं तीन दुकानं बघतात. मी म्हणते, पहिल्या दिवशीचं बरं वाटलं असेल तर दुसऱ्या दिवशी तिथेच जा. पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता. दुसऱ्या दिवशी मालक मान वर करून हसतो, साखर बाजूला ठेवायची हे त्याच्या लक्षात असतं, आणि गाव तुमच्याशी बोलायला लागतं. अमळनेरला प्रताप कॉलेजच्या बाजूला जुनं तत्त्वज्ञान केंद्र आहे ते बघून या, हे मला कॉफीवालीने सांगितलं. हिवाळ्यात कोणाच्या शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजतात, बसस्टँडवरून शेवटची गाडी खरंच सुटते का, कोणत्या लॉजचं कुलूप नीट लागत नाही, ही माहिती फोनमध्ये नसते.

देवपूरच्या दुकानात संध्याकाळी मालकाचे वडील दाराशी खुर्ची टाकून बसतात. तिसऱ्या का चौथ्या फेरीला मी तपासणी लांबल्यामुळे आठला पोहोचले, तर त्यांनी अहिराणीत विचारलं, “आज उशीर व्हयना का ताई?” परगावात आपल्या उशिराची दखल घेणारं कोणी असणं, ही एकट्या फिरणाऱ्या बाईसाठी केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिलाच कळतं. लॉजवर जाताना आता त्यांचा नातू कोपऱ्यापर्यंत येतो.

निघायच्या दिवशी शक्य असेल तर तिथूनच पाव किलो बिया किंवा पूड घ्या. अशा दुकानांना पाकिटांवरही चार पैसे सुटतात. दळून घेणार असाल तर घरी कशात करता ते सांगा: स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्यासारखी, फ्रेंच प्रेसला (दांड्याच्या जाळीने पूड खाली दाबायचं भांडं) लापशीच्या रव्यासारखी जाड. पाकीट एसटीच्या खिडकीत किंवा गाडीच्या काचेपुढे ठेवू नका, मे महिन्यात तासाभरात वास उडतो. बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा. घरी पोहोचल्यावर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, फ्रिजमध्ये नको, आणि डब्यावर भाजल्याची तारीख लिहून चिकटवा. बिया महिनाभर चांगल्या राहतात, पूड मात्र दहा-पंधरा दिवसांत संपवा.